गिटारच्या पोटातला कागद

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागली त्याच संध्याकाळी आमच्या शाळेतल्या एक बाई घरी आल्या. माहेर गोव्याचे, सासर इथले सावंतवाडीचे. हातात उशीच्या अभ्र्यात घातलेली एक लांबट वस्तू होती. अभ्रा पुरेना म्हणून वरच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. फराळाचे ताट पुढे आले तरी बाईंचा हात त्या अभ्र्यावरून निघेना.

"सर, तुम्ही लाकडाचं काहीतरी करता ना?"

मी लाकडाचे काहीतरी करतो हे खरे. शाळेची मोडकी बाके, शेजाऱ्यांचे पाट, भजनी मंडळाची पेटी असल्या वस्तू माझ्या पडवीत येऊन पडतात, आणि त्यातल्या निम्म्या धड होऊन परत जातात. उरलेल्या निम्म्यांविषयी लोक भिडेने बोलत नाहीत. पण अभ्र्यातून बाहेर आली ती गिटार, आणि गिटारला मी त्यापूर्वी हातसुद्धा लावला नव्हता.

"पापाची आहे," बाई म्हणाल्या. "मुंबईला व्हायोलिन वाजवायचे ते, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. व्हायोलिन गेलं कोणाकडे तरी. ही कपाटावर राहिली. आता मुलगा म्हणतो, मला शिकायची. एका दुकानात दाखवली, तर ते म्हणाले, हिच्यावर पैसे घालू नका, नवीन घ्या."

दुकानदाराचा हिशेब चूक नव्हता. वाद्याची पुढची फळी घोडीच्या मागे फुगून वर आली होती आणि घोडीच्या पुढे खचली होती. घोडी मधोमध चिरली होती, आणि ती पुन्हा उचकटू नये म्हणून कोणी तरी तिच्यात दोन लोखंडी स्क्रू पिळले होते. ते गंजून लाकडात काळे उतरले होते. पाठीला दोन लांब चिरा, पोटाला एक. पडदे झिजून त्यांत तारांच्या खाचा पडल्या होत्या. मी बोटाने पाठीवर टिचकी मारली, तर आतून फुटक्या सुपासारखा आवाज आला.

"नाताळपर्यंत होईल का?" बाईंनी विचारले.

शहाणा माणूस 'पाहू' म्हणाला असता. मी 'होईल' म्हणून बसलो.

आमच्याकडच्या वाद्यवाल्यांचे शब्दच मी पुढे वापरणार आहे, कारण ते मला जवळचे आहेत. सतारीला जशी तबली तशी गिटारलाही तबली. म्हणजे पोटावरची पातळ फळी, जिच्यावर घोडी बसते. वाद्याचा आवाज मुख्यतः तीच काढते. गिटारची तबली जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. एवढ्या पातळ फळीवर तारांचा ओढा पडतो तो केवढा? पोलादी तारांचा पूर्ण संच सुरात लावला म्हणजे साधारण सत्तर किलोंचा. एक धडधाकट गडी त्या घोडीला रात्रंदिवस लोंबकळत असावा, तसे. नायलॉनच्या तारांचा ओढा त्याच्या निम्म्याच्या थोडा वर. ही फळी फाटू नये म्हणून तिच्या आतल्या अंगाला बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि त्या पट्ट्या कशा मांडल्या आहेत त्यावरून वाद्याची जात कळते.

दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा आणि विजेरी घेऊन मी आत पाहिले. पाच पट्ट्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या होत्या. रोग तिथेच कळला. ही जात तातीच्या, म्हणजे आजच्या हिशेबाने नायलॉनच्या तारांची. तिच्यावर वर्षानुवर्षे पोलादी तारा ओढून धरल्या होत्या. दोष गिटार बनवणाऱ्याचा नव्हता. बैलगाडीच्या जोखडाला ट्रक बांधला, तर जोखड तरी काय करणार?

या पंख्याचे कूळ शोधायला मी स्पेनच्या किनाऱ्यावर आल्मेरिया गावापर्यंत गेलो, पुस्तकातूनच, अर्थात. गिटार तशी फार जुनी. स्पेनमध्ये तिची थोरली बहीण विहुएला सोळाव्या शतकात राजदरबारी वाजत असे; लुईस दे मिलान याचे विहुएलाच्या संगीताचे पुस्तक १५३६ साली छापले गेले. पुढे गिटारला तारांच्या पाच जोड्या आल्या. ज्या स्ट्राडिव्हारीच्या व्हायोलिनसाठी आज कोट्यवधी रुपये मोजतात, त्याने गिटारीही केल्या होत्या. १६७९ सालची त्याची एक आजही टिकून आहे. सुमारे १८०० च्या आसपास जोड्या जाऊन सहा एकेरी तारा आल्या. पण त्या काळची गिटार लहान, कंबर बारीक, आवाज दिवाणखान्यापुरता. आज आपण जिला गिटार म्हणून ओळखतो, तिचा घाट आणि मोठा आवाज पक्का केला तो आंतोनिओ दे तोर्रेस नावाच्या एका सुताराने.

हा तोर्रेस १८१७ साली आल्मेरियाजवळच्या एका वाडीत जन्मला आणि बाराव्या वर्षी सुतारकामाला लागला. पुढे सेव्हिल शहरात जाऊन त्याने गिटारी करायला घेतल्या. तिचे अंग मोठे केले, तबली पातळ केली आणि आत सात काड्यांचा पंखा बसवला. पंख्याची कल्पना काही त्याची स्वतःची नव्हती, आधीच्या कारागिरांच्या कामातही ती सापडते. पण तिचे गणित त्याच्या हातात जमले. १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याला ब्राँझचे पदक मिळाले. आणि १८६२ साली त्याने एक विलक्षण उद्योग केला. आवाज तबलीतूनच येतो, बाकीच्या लाकडाचा त्यात फारसा वाटा नाही, हे आपले म्हणणे लोकांना पटावे म्हणून त्याने एक गिटार अशी केली की जिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या! ही पुठ्ठ्याची गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

एवढा नामांकित झालेला हा माणूस १८७० च्या सुमारास सेव्हिल सोडून पुन्हा आपल्या आल्मेरियाला आला, आणि तिथे त्याने काढले काय, तर चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान. तार्रेगासारखा वादक ज्याच्या हातची गिटार वाजवत होता, तो कपबश्या विकीत बसला! काही वर्षे त्याने गिटारींचे काम जवळजवळ बंदच ठेवले. मग १८७५ पासून राहत्या घरी पुन्हा रंधा हाती घेतला आणि १८९२ साली मरेपर्यंत सोडला नाही. या काळातल्या गिटारींच्या आत त्याने चिठ्ठी डकवली आहे: 'दुसरा काळ' आणि पुढे क्रमांक. म्हणजे जगातल्या चांगल्या गिटारींतल्या कितीतरी या अशा घरगुती, दुकान सांभाळून केलेल्या आहेत. त्याच्या अखेरच्या वर्षांत त्याच्याकडे जाणारा-येणारा एक पाद्री होता. त्याने पुढे लिहून ठेवले आहे की, तुमच्या कामातले गुपित काय, असे विचारल्यावर म्हातारा म्हणाला, ते माझ्या अंगठ्यात आणि तर्जनीत आहे, तबली दाबून पाहताना जे कळते ते. आणि ते माझ्याबरोबरच जाणार.

तोर्रेसची साग्रसंगीत हकीगत जगाला सांगितली तीही एका सुतारानेच. होसे रोमानिलोस मूळचा माद्रिदचा, पेशाने फर्निचरचे काम करणारा. १९५६ साली पोटासाठी इंग्लंडला गेला आणि १९६१ साली हौस म्हणून त्याने पहिली गिटार केली. पुढे ज्यूलियन ब्रीमसारखा वादक त्याच्या गिटारी वाजवू लागला. रोमानिलोसने जगभर विखुरलेल्या तोर्रेसच्या गिटारी शोधून, आत डोकावून, काडी न् काडी मोजून १९८७ साली ग्रंथ लिहिला. आत डोकावल्याशिवाय या वस्तूचा इतिहास कळत नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो. शिकलो म्हणतो खरा, पण वेळेवर शिकलो असतो तर बरे झाले असते. ते पुढे येईलच.

आता पोलादी तारांची जात कोठून आली? तिच्या कथेतही सुतार आहेत, आणि भांडण आहे. जर्मनीत सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्खेन नावाचे वाद्ये करणाऱ्यांचे गाव आहे. तिथे व्हायोलिन करणाऱ्यांची एक श्रेणी होती आणि कपाटे-टेबले करणाऱ्यांची दुसरी. गिटारी करीत ते दुसऱ्या श्रेणीतले लोक. व्हायोलिनवाल्यांनी तक्रार केली की, हे कपाटवाले. यांना वाद्य करण्याचा अधिकारच काय? वाद कित्येक वर्षे चालला. निकाल अखेर कपाटवाल्यांच्या बाजूने लागला, पण तोवर त्यांच्यातला एक जण त्या वातावरणाला विटला होता. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन त्याचे नाव. १८३३ साली तो अमेरिकेला निघून गेला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी स्थिरावला. त्याच्या कारखान्यात १८४० नंतरच्या दशकात तबलीखाली फुलीच्या आकाराच्या पट्ट्या बसू लागल्या. त्या बसवल्या तातीच्या तारांसाठीच. पण विसाव्या शतकात पोलादी तारांची लाट आली तेव्हा फुलीने तो भार पेलला, पंख्याला पेलवला नाही.

हे वाचताना मला आपली मिरज आठवली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथे सतारी-तंबोरे करायला घेतले ते शिकलगारांनी. म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांनी. हत्यारांचे दिवस सरत आले, तेव्हा त्याच हातांनी भोपळे कोरले. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा मिरज काय, मार्कनॉयकिर्खेन काय, वाद्य करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे हातांनीच सोडवला. मी मनात म्हटले, एका शाळामास्तराला निदान दुरुस्तीचा तरी अधिकार असावा.

कामाला लागलो. पहिली अडचण घरातच आली. जुनी वाद्ये सरसाने जोडलेली असतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. आजच्या पांढऱ्या फेव्हिकॉलपेक्षा तो कमी सोयीचा, पण त्याचा एक मोठा गुण आहे: ऊब आणि ओल दिली की तो सुटतो. शंभर वर्षांनी कोणाला वाद्य उघडावेसे वाटले, तर सरस त्याला वाट देतो. मात्र तो उकळू द्यायचा नाही, साठेक अंशांवर पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून तापवायचा. आणि त्याला वास असतो. आमच्या सौभाग्यवतींनी स्वच्छ सांगितले की, ज्या स्वयंपाकघरात चकल्या तळल्या जातील तिथे हाडांचा काढा शिजणार नाही. तेव्हा मी शेगडीसह पडवीत गेलो.

प्रथम तारा सैल करून काढल्या. मग घोडी. तिचे गंजलेले स्क्रू तेल सोडून दोन दिवसांनी फिरले. बोथट सुरी गरम करून घोडीखाली हळूहळू सरकवली तेव्हा सरस चर्र करीत सुटला. चिरलेली घोडी पुन्हा वापरण्याजोगी नव्हती. ती घेऊन मी चितार आळीतल्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. लाकडी खेळणी-फळे करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी घोडी नखाने खरवडली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "शिसव." मग आतून एका जुन्या पलंगाच्या मोडक्या पायाचा तुकडा आणून माझ्या हातात ठेवला. "ह्यो घ्या. माझ्या आज्याच्या येळचो. आता ह्यो हलूचो नाय."

जुने, मुरलेले लाकूड आता हलणार नाही, म्हणजे आक्रसणार-फुगणार नाही, हा त्याचा अर्थ. त्यांनी पैसे घेतले नाहीत. शिसवीच्या या तुकड्यालाही इतिहास आहे. परदेशी गिटारवाले पूर्वी ब्राझीलची शिसव वापरीत. ती दुर्मीळ होत गेली तेव्हा मार्टिनच्या कारखान्याने १९६९ साली भारतीय शिसव धरली. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून बंद आहे, आणि २०१७ साली आपल्या शिसवीसकट त्या सगळ्या कुळावरच व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ साली सूट मिळाली. सह्याद्रीच्या ज्या झाडाचे आपल्या पणज्यांनी पलंग केले, ते आज परवान्याने मोजले जाते. मी तो पलंगाचा पाय कापताना करवत दोनदा खाली ठेवली.

आता पाठीच्या चिरा. आरशातून दिसत होते की, चिरांवर आतून कसल्या तरी मळकट पट्ट्या चिकटवल्या आहेत. जुन्या दुरुस्तीची ठिगळे. पहिली पट्टी गोल भोकासमोरच होती, हात सहज पोचत होता. नवे काम करायचे तर जुने काढले पाहिजे, हा माझा सुतारी बाणा. फडके गरम पाण्यात पिळून पट्टीवर धरले, सरस मऊ झाला, बांबूच्या चिपेने ती खरवडून ओढून काढली. लोळागोळा झालेला कागद होता. मी तो बाजूला टाकला आणि फडके धुवायला घेतले. फडक्यावर निळे डाग होते. शाईचे.

तेव्हा कुठे मी तो गोळा उचलून उजेडात उलगडून पाहिला. पाच बारीक समांतर रेघा, छापील. त्यांवर कुठे कुठे निळसर ठिपक्यांची छाया. पाश्चात्त्य पद्धतीने सूर लिहायचा कागद होता तो. त्यावर काय लिहिले होते ते माझ्या फडक्यात गेले होते.

शाळेत मी इतिहास शिकवतो. अस्सल साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक मुलांना दर वर्षी फळ्यावर लिहून देतो. आणि हाताशी अस्सल साधन आले ते मी गरम पाण्याने पुसून काढले. त्या रात्री जेवण गेले नाही, हे सांगायला लाज वाटते. पण गेले नाही.

आत आणखी तीन पट्ट्या होत्या. त्यांना मी हात लावला नाही. आठ दिवस कामच थांबवले आणि बाईंना बोलावून घेतले. झाला प्रकार सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. मग मोबाइलचा कॅमेरा आरशासमोर धरून आम्ही तिन्ही पट्ट्यांची छायाचित्रे घेतली, उलटी सुलटी करून मोठी केली. बाईंना हे सूर वाचता येतात. गोव्याच्या गावी चर्चमध्ये लहानपणी शिकल्या आहेत.

गोव्यात हे शिक्षण फार जुने. पोर्तुगीज १५१० साली आले. पुढे चर्चला जोडून गावोगाव शाळा निघाल्या आणि त्यांत मुलांना प्रार्थनेसाठी सूरलेखन आणि व्हायोलिन शिकवू लागले. राज्यकर्त्यांचा हेतू काही असो, त्यातून एक गोष्ट निपजली: खेड्यातला शेतकऱ्याचा पोर समोर कागद ठेवला की वाजवू शकत असे. ही विद्या घेऊन माणसे मुंबईला गेली. धोबीतलाव भागात आपापल्या गावाच्या 'कुडा'त खाटेपुरत्या जागेवर राहिली आणि हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत, लग्नांच्या बँडांत वाजवू लागली. बोलपट आले, गाण्यांना मोठमोठे वाद्यवृंद लागले, तेव्हा कागदावरून वाजवू शकणारे हेच लोक हाताशी होते. संगीतकार चाल गुणगुणे. ती कागदावर उतरवून, कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे याचे तुकडे लिहून काढण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोवेकर करीत. गोन्साल्विस माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. आणि १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात जे नाव आहे ते यांचेच. हजारो लोकांच्या तोंडी ते नाव आहे, माणूस ठाऊक नाही. आणि गोन्साल्विसांना निदान एवढे तरी लाभले. मागच्या रांगेत बसून जन्मभर वाजवणाऱ्यांचे नाव ना पडद्यावर, ना तबकडीवर. कामगिरी संपली की समोरचा कागदही संपला. पुढे सिंथेसायझर आले, एकेका वाद्याचे ध्वनिमुद्रण वेगवेगळे होऊ लागले आणि ती रांगच उठली.

बाई बराच वेळ छायाचित्रांकडे पाहत होत्या. माझ्या मनात आले होते की, आता त्या गुणगुणतील आणि एखादे ओळखीचे गाणे बाहेर येईल. कादंबरी लिहिण्याची खोड असली की असे होते. बाईंनी गुणगुणून पाहिले. दोन लांब सूर, मग एक छोटा जिना, मग पुन्हा लांब सूर.

"हे गाणं नाही, सर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या व्हायोलिनचा भाग आहे. गाणं दुसरीकडे चाललंय. हे नुसतं खाली धरून ठेवायचं."

"म्हणजे कुठलं गाणं ते कळणार नाही?"

"नाही. आणि हे बघा." तिसऱ्या पट्टीवर एक जाड आडवी रेघ होती आणि तिच्यावर अंक होता, सोळा. "म्हणजे सोळा बार गप्प बसायचं. मोजत." त्या हसल्या. "पापा इथे सोळा बार गप्प बसलेत."

अक्षर वडिलांचे नव्हते, कोण्या लेखनिकाचे होते. पण पट्टीच्या कडेला पेन्सिलीने एक बारीकशी खूण होती, गज कोणत्या दिशेने ओढायचा त्याची. ती मात्र त्यांची, असे बाई खात्रीने म्हणाल्या. लहानपणी त्यांच्याही वहीवर पापा तशीच खूण करीत. म्हणजे ठिगळेही त्यांनीच लावलेली असणार. वाजवून झालेला कागद कात्रीने कापला, सरस लावला, आणि गिटारची फाटलेली पाठ शिवली. दुसरा कागद नव्हता म्हणून, की हाच चिवट होता म्हणून, कोण सांगणार?

आता प्रश्न पडला तो कारागिरीचा. चिरा नीट जोडायच्या तर पट्ट्या काढणे सोपे. बाईंनी सरळ विचारले, "न काढता होईल?" मी म्हटले, वेळ लागेल. मग असे केले: बाहेरच्या बाजूने चिरेत पातळ सरस बोटाने चोळत चोळत उतरवला, लाकूड दोन्हीकडून दाबून धरले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेटोळे अंगभर आवळून बांधले. पट्टी जिथे नव्हती तिथे, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, आतून लाकडाची नखाएवढी ठिगळे बसवली. त्यांचे धागे चिरेला आडवे, म्हणजे ती पुन्हा फाकत नाही. माझा पंजा भोकातून नीट जाईना. आमची धाकटी, वय वर्षे नऊ, तिचा हात कोपरापर्यंत सहज जात होता. ती आरशात पाहून ठिगळ जागेवर नेई आणि शंभर मोजेपर्यंत दाबून धरी. दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करायचा सोडून हे कशाला, असे तिला तिच्या मैत्रिणींनी विचारले. "मी गिटारच्या पोटात काम करते," असे तिने रुबाबात सांगितल्याचे ऐकतो.

फुगलेली तबली ओलसर उबेने आणि वजनाने बरीचशी खाली बसली, पूर्ण नाही. पूर्ण बसवायला तबली उघडावी लागली असती. मी तो मोह टाळला. पलंगाच्या पायाची घोडी कानशीने घडवून, जुनीच्याच मापाची करून, सरसाने जोडली. स्क्रू नाहीत. पडदे घासून सारखे केले. पॉलिश नवे चढवले नाही. जिथे वडिलांच्या कोपराने रंग गेला होता तिथे तो गेलेलाच ठेवला.

तारा नायलॉनच्या घेतल्या. त्यांचीही एक गोष्ट आहे, तेवढी सांगतो. पूर्वी गिटारच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे ताताच्या असत. दुसऱ्या महायुद्धात तात सगळी जखमा शिवण्याच्या कामी जाऊ लागली. वादकांना तारा मिळेनात. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने नवीनच निघालेल्या नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, सेगोव्हियाने त्या पसंत केल्या, आणि युद्ध संपले तरी तात परत आली नाही.

पहिले चार दिवस तारा दोन सूर खालीच ठेवल्या. रात्री झोपताना मी कान देऊन असे. सरस सुटला तर कडाड् असा आवाज येतो, असे वाचले होते. आवाज आला नाही. पाचव्या दिवशी एक सूर वर, दहाव्या दिवशी पूर्ण. आवाज काही फार मोठा नाही. खर्ज थोडा घुमा आहे आणि तिसऱ्या तारेवर वरच्या एका पडद्याशी किंचित खरखर उरली आहे. ती माझ्याने गेली नाही.

नाताळच्या दोन दिवस आधी बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाने मान खाली घालून दोन-तीन सूर वाजवले, मग भोकाला डोळा लावून आत पाहिले आणि आजोबांच्या पट्ट्या विजेरीने शोधून काढल्या. मी जुनी घोडी, गंजके स्क्रू आणि एका पाकिटात ती धुतली गेलेली पहिली पट्टी असा ऐवज बाईंच्या स्वाधीन केला. पट्टी मी वाळवून सपाट केली होती. पाच रेघा आणि बाकी कोरी. मी पुन्हा एकदा दिलगिरी व्यक्त करू लागलो.

बाईंनी ती उजेडाकडे धरून पाहिली. मग पाकीट मला परत दिले.

"ही होती तिथेच लावून द्या ना, सर."

"तिच्यावर आता काही नाही."

"नसू दे. जागा तिची आहे."

मी पडवीत जाऊन शेगडी पेटवली. धाकटीला हाक मारली. सरस मऊ व्हायला पाऊण तास लागला, तोवर सौभाग्यवतींनी पाहुण्यांना चहा दिला.